आधी पाणी, मग नाव

बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरात, अंडाबाजाराच्या बाजूला, अकबरी सराय नावाची एक इमारत आहे. मोगल काळातले ते प्रवाशांच्या मुक्कामाचे ठिकाण. आजच्या भाषेत हॉटेलच म्हणा. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे ती पाहायला गेलो. बुऱ्हाणपूरला जाणारे लोक शाही किल्ला पाहतात, जामा मशीद पाहतात, दर्गाह-ए-हकीमीला जातात आणि मावा जिलेबी बांधून घेऊन परततात. केवळ सराय पाहायला म्हणून सहसा कोणी जात नाही. आम्ही का गेलो, ते आधी सांगायला हवे.

दिवाळीनंतर आमच्या मोठ्या मुलीची एक परीक्षा होती. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले होते आणि सकाळी लवकर हजर राहायचे होते, म्हणून आदल्या संध्याकाळीच पोहोचायचे ठरले. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे सगळे वेळेआधी करून ठेवायची खोड. फोन करून एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या तरुणाने हसून स्वागत केले, रजिस्टर पुढे ओढले आणि आधार कार्ड मागितले. कार्ड हातात घेऊन तो आत गेला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "सर, त्या खोलीच्या नळाचे काम निघाले आहे." दुसरी खोली विचारली, तर सगळ्या भरल्या होत्या. त्याच्या पाठीमागे फळीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या. मुलीने त्या मोजल्या होत्या, हे तिने आम्हाला खूप नंतर सांगितले. अकरा होत्या.

पुढे आणखी दोन ठिकाणी विचारले. तिथेही खोली नव्हती. तिथे ती खरोखरच नसेल. परीक्षेची गर्दी होती. पण एकदा मनात शंका शिरली की खरे कारणही खोटे वाटू लागते. त्या रात्रीचे आम्हाला सर्वांत वाईट वाटले ते हेच.

रात्र रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात काढली. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनी मुलीच्या हातातली वही पाहिली, दिव्याखालचा बाक पुसून दिला आणि "पोरीला अभ्यास करू द्या" असे बाकीच्यांना बजावून गेल्या. पहाटे चहावाला कुठे उभा राहतो तेही त्यांनीच सांगितले. त्यांनी आमचे नाव विचारले नाही. त्यांचे विचारायचे आमच्याकडूनही राहून गेले.

पेपर बरा गेला. परतीच्या गाडीत मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने विचारले, "पूर्वी हॉटेले नव्हती, तेव्हा प्रवासी कुठे उतरायचे? त्यांनाही नाव विचारायचे का?"

प्रश्नाचा अर्धा भाग सोपा होता. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हाला पुस्तके काढावी लागली. आणि पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी दाखवता आले तर बरे, असे वाटले म्हणून बुऱ्हाणपूर.

आम्हा जळगावकरांना हे शहर दूर नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की रावेरपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यानंतर थोड्याच वेळात मध्य प्रदेश. नकाशावर राज्य बदलते. केळी, तापी आणि माणसांचे बोलणे फारसे बदलत नाही. हे सगळे एकेकाळचे खानदेशच. फारुकी सुलतानांनी हे शहर वसवले आणि त्याला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. त्यांचा दर्गा आपल्या खुलताबादेत आहे. तापीच्या पलीकडच्या काठावरचे झैनाबाद हजरत झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाचे; तेही खुलताबादेतच विसावले आहेत. म्हणजे मराठवाड्यातल्या एका डोंगरावरच्या दोन बुजुर्गांची नावे तापीच्या दोन तीरांवर समोरासमोर नांदत आहेत.

आधी जामा मशिदीत गेलो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अली खान फारुकी याने ती बांधली. तिथे अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मशिदीच्या आत संस्कृत! उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना तिथून हलावेसे वाटेना. धाकट्याने संस्कृतातली अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न केला, अम्मींनी अरबीतली. दोघांनाही थोडी थोडी जमली.

तिथून सरायकडे जाताना यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती. बुऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथे आला होता. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, इतकेच काय पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरतेच्या बंदरातून आग्र्याकडे जाणारा रस्ता इथूनच जात असे. दख्खनच्या मोहिमांसाठी मोगलांचे ठाणेही हेच. व्यापारी, सैनिक, दरवेश, हाजी, बैलांचे तांडे घेऊन फिरणारे बंजारे, सगळ्यांचा मुक्काम इथे पडायचा. एवढी माणसे रात्री झोपणार कुठे? त्याचे उत्तर म्हणजे सराय.

अकबरी सराय बांधवून घेतली ती अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांनी, जहांगीर बादशहाच्या काळात. आपल्या मुलांना हे पाठ्यपुस्तकातल्या दोह्यांचे रहीम म्हणून माहीत असतात. ते मोठे सेनापती होते, बाबरचे आत्मचरित्र त्यांनी तुर्कीतून फारसीत आणले, आणि बुऱ्हाणपुरात त्यांचा मुक्काम बरीच वर्षे होता. या शहराला पाणी देणारा कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास त्यांच्याच काळात झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरापर्यंत आणायचे आणि वर ठिकठिकाणी कुंड्या ठेवायच्या. मोट नाही, पंप नाही, फक्त उतार. ते काम तबकतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने केले, असे सांगतात. प्रवाशाला छप्पर द्यायचे तर आधी पाणी हवे, हे त्या माणसांना नीट कळले होते.

सरायचा दरवाजा उंच आहे. उंटावरचा माणूस बसल्या जागी आत जावा, असा. आत गेले की मधे मोकळी जागा आणि कडेने कमानींच्या लहान लहान खोल्यांची ओळ. बरीच पडझड झाली आहे. भिंतीत झाडांची मुळे शिरली आहेत, चुना निखळून आतल्या विटा दिसतात. तरी एखाद्या शाबूत खोलीत वाकून उभे राहिले की बाहेरचा आवाज एकदम कमी होतो. धाकट्याने दोन्ही हात पसरून खोली मोजली आणि जाहीर केले, "आपल्या घरातली मागची खोली यापेक्षा मोठी आहे."

हीच तक्रार त्याच्या आधी चारशे वर्षांपूर्वी एका बड्या पाहुण्याने केली होती. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपुरात पोहोचला. शहराचा कोतवाल त्याला सामोरा आला आणि त्याने त्याला सरायमध्ये चार खोल्या नेमून दिल्या. गावातले लोक सांगतात की ती सराय हीच. रो साहेबांना खोल्या मुळीच आवडल्या नाहीत. भिंतीतल्या विटांच्या, वरून गोल, भट्टीएवढ्या खोल्या, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आणि रात्र स्वतःच्या तंबूत काढली. शहजादा परवेझची भेट घेऊन ते पुढे अजमेरला बादशहाकडे गेले. मुलीला हा किस्सा फार आवडला. ती म्हणाली, "म्हणजे त्याला खोली मिळाली आणि त्याने नाकारली. आमचे उलटे झाले." आम्ही हसलो, पण अम्मी हसल्या नाहीत.

आता तिच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो. सराय चालायची कशी?

सरायमध्ये खोली मिळायची, गादी नाही. अंथरूण प्रवाशाने आपले आणायचे. भटियारे नावाची माणसे खोल्या झाडून देत, खाट आणून देत, दाणा-वैरण पाहत, आणि पैसे घेऊन जेवण रांधून देत. बायकामाणसांसोबतचा प्रवासी असेल तर भटियारीण पुढे होई. त्याआधीच्या शतकात शेरशाह सूरीने रस्त्यांवर सराया बांधल्या, त्यांतला एक रस्ता आग्र्याहून बुऱ्हाणपूरकडे येणारा होता. त्याच्या सरायांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची सोय वेगवेगळी होती. हिंदूंच्या पाण्याला आणि रांधण्याला ब्राह्मण नेमलेले असत. म्हणजे तो काळ काही आजच्या अर्थाने समतेचा नव्हता, आणि तसा रंगवून मुलांना सांगणे बरोबर नाही. ताटे वेगळी होती. पण दरवाजा एकच होता, आणि दारावर पाण्याचे रांजण भरून ठेवलेले असत.

संध्याकाळी सरायचा दरवाजा बंद होई. मनूची हा इटालियन प्रवासी शहाजहान-औरंगजेबांच्या काळात या देशात राहिला. त्याने लिहिलेली हकीकत आम्ही त्या पडक्या दरवाजाखाली उभे राहून मुलांना सांगितली. पहाटे दार उघडण्याआधी पहारेकरी तीनदा मोठ्याने पुकारा करी, की ज्याने त्याने आपापले सामान पाहून घ्यावे. कुणाचे काही हरवले असेल, तर ते सापडेपर्यंत दार उघडत नसे.

"आणि नाव?" मुलीने पुन्हा विचारले.

नावही विचारत. हे आम्हाला आईन-ए-अकबरीत सापडले. अबुल फजल कोतवालाची कामे सांगतो, त्यांत आल्या-गेल्याची नोंद ठेवणे हे एक काम आहे. अनोळखी माणसांना वेगळ्या सरायमध्ये उतरवावे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे, असेही तो सांगतो. तेव्हा चौकशी होती, संशयही होता. राज्य चालवणाऱ्याला तो ठेवावाच लागतो. आजच्या लॉजवाल्याने कार्ड मागितले, त्यात म्हणूनच काही चूक नाही. पोलिसांचा नियम आहे आणि तो सगळ्यांच्या भल्याचा आहे. फरक आहे तो नाव लिहून घेतल्यानंतर. कोतवाल अनोळखी माणसाचे नाव लिहून त्याला सरायमध्ये उतरवायचा. नाव लिहिले की तो माणूस त्याच्या जबाबदारीवर आला. त्याची थैली हरवली तर दार बंद ठेवून ती शोधायची. आमचे नाव वाचून रजिस्टर मिटले गेले.

एवढे बोलून झाल्यावर आम्हाला जाणवले की आपला आवाज वर्गात लागतो तसा लागला आहे. मुलगी गप्प होती. शेजारच्या घरातून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, खांद्याला सुताचे तंतू चिकटलेले. मागावरून उठून आले असावेत. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. खुर्ची अम्मींसमोर ठेवली. अम्मी पाणी प्यायल्या, आम्ही प्यायलो, मुले प्यायली. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी विचारले, "कहाँ से आना हुआ?"

गाडीत बसेपर्यंत अम्मी त्या तांब्याबद्दलच बोलत होत्या. त्यांच्या वालिदांनी जहाजाने हज केला होता. महिनाभर आधी मुंबईला गेले, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले, तिथूनच जहाज गाठले. अम्मी तेव्हा लहान होत्या, निरोप द्यायला सोबत गेल्या होत्या. त्यांना मुसाफिरखान्याची इमारत आठवत नाही. आठवते ते एवढेच, की जिन्याजवळ एक माणूस उभा होता, आणि आलेल्याला आधी पाणी देऊन मग "आप की तारीफ?" असे विचारत होता. खानदेशचे, मराठवाड्याचे, कोकणचे किती हाजी त्या छपराखाली झोपून पुढे गेले असतील. 1995 साली जहाजाचा हज बंद झाला. आता मुंबईच्या विमानतळावरून काही तासांत माणूस जिद्द्याला पोहोचतो.

मुसाफिरासाठी छप्पर बांधणे हे आपल्याकडे सदका-ए-जारिया मानले गेले, आणि त्यात बायका मागे नव्हत्या. खलिफा हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिने कूफ्याहून मक्केला जाणाऱ्या वाटेवर हाजींसाठी पाण्याची सोय केली. ती वाट आजही तिच्या नावाने ओळखली जाते. नूरजहाँने आग्र्याजवळ बांधलेल्या सरायमध्ये दोन-तीन हजार माणसे राहू शकतात, असे पीटर मंडी या इंग्रजाने लिहिले आहे. शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने दिल्लीच्या चांदणी चौकात अशी सराय बांधली, की बर्निये या फ्रेंच वैद्याला आपल्या पॅरिसमध्येही तसे काही असावे असे वाटले. 1857 नंतर इंग्रजांनी ती पाडली. आपल्या मराठी मुलखाच्या अहिल्याबाई होळकरांनी तर देशभर धर्मशाळा आणि घाट बांधले, विहिरी खोदल्या. अशा बायकांची नावे आपण मुलींना सांगतो तेव्हा त्या राण्या होत्या हे सांगतो. परक्या माणसाच्या रात्रीची काळजी त्यांनी केली, हे सांगायचे राहून जाते.

रावेर गेले आणि अम्मी एकदम म्हणाल्या, "ते लॉजवाल्याचे सोडा. आपल्या घरी शेवटचा मुसाफिर कधी उतरला होता?"

आम्हाला आठवेना. नातेवाईक येतात, लग्नाचे पाहुणे येतात. पण ज्याचे आपल्याशी नाते नाही, ज्याला फक्त एका रात्रीची गरज आहे, असा माणूस? जुन्या घराला ओटा होता. त्यावर अम्मींच्या सासऱ्यांच्या काळात फेरीवाले, कल्हईवाले, रात्री एसटी चुकलेले लोक झोपत. घर नव्याने बांधले तेव्हा ओटा काढून तिथे लोखंडी फाटक लावले. फाटकाला आतून कडी आहे. जकात कुणाला द्यावी हे कुरआनात सांगितले आहे, त्या आठ जणांत मुसाफिरही आहे. हे आम्ही मुलांना पाठ करून घेतले होते. मुसाफिर आता आपल्या वाट्याला येतच नाहीत, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यांनी यायचे कोठून, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

धाकट्याने मागच्या खोलीची आठवण केली, ती सरायच्या खोलीहून मोठी असलेली. तिथे बंद पडलेले शिलाई मशीन, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि एक मोडका कूलर होता. जानेवारीत ती रिकामी केली. एक खाट, दोन सतरंज्या, कोपऱ्यात माठ. आमच्या गावातही परीक्षांची केंद्रे असतात. पेपर सकाळचा असला की सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुले अंधारात निघतात, किंवा आदल्या रात्री येऊन बसस्थानकावर बसतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगून ठेवले, की कुणाची अडचण असेल तर आमच्याकडे पाठवा. जमातीतल्या दोन घरांनीही एकेक खोली देऊ केली. आमच्या शेजारच्या पाटीलकाकूंनी तर "जेवण माझ्याकडे" असे सांगून टाकले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी पहिला पाहुणा आला. डोंगरातल्या एका पाड्यावरचा शेतकरी आणि त्याची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. सहकाऱ्याने पत्ता देऊन पाठवले होते. मुलीच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र होते. फाटक उघडून आम्ही "या" म्हटले, तरी तो माणूस पायरीवरच थांबला. चपला काढल्या, खिशात हात घातला आणि दोघांची आधार कार्डे काढून आमच्यापुढे धरली. कुणी मागितली नव्हती. हात पुढे करून तो तसाच उभा राहिला, आत घेतात की नाही ते पाहत.

कार्ड धरलेला तो हात पाहून आमच्या मुलीने मान फिरवली. लॉजच्या काउंटरसमोर आपल्या घरचा हात असाच पुढे झालेला तिने पाहिला होता.

अम्मी आतून माठाचे पाणी घेऊन आल्या. कार्डाकडे त्यांनी पाहिलेही नाही. "ते राहू दे, बाबा," त्या म्हणाल्या, "आधी पाणी पी."